फॉस्टर मांजरासाठी योग्य घर कसं शोधायचं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

माझा नंबर कुठून कुठून फिरत असतो आणि रोज कोणी ना कोणी विचारतं, "ताई, मांजर घरात आणून ठेवलंय, आता पुढे काय?" मी पुण्यात राहते, नऊ वर्षं फॉस्टर करतेय, प्रत्येकाला त्याच त्याच लांबलचक व्हॉइस नोट पाठवण्यापेक्षा सगळं एकदा लिहून काढलं. प्रश्न लोकांच्याच शब्दांत ठेवलेत. सगळं वाचायला वेळ नसेल तर ७, ८ आणि २३ तरी नक्की वाचा.

१. फॉस्टर म्हणजे नक्की काय? मांजर माझ्याकडेच राहिलं तर काय बिघडलं?

फॉस्टर म्हणजे तात्पुरतं घर. पार्किंगमध्ये, गाडीच्या बॉनेटमध्ये, कचरापेटीजवळ सापडलेलं मांजर कायमचं घर मिळेपर्यंत आपल्याकडे ठेवायचं, खाऊपिऊ घालायचं, औषधपाणी बघायचं, माणसांची सवय लावायची. ठेवून घेतलं तर काही बिघडत नाही, मीही दोन ठेवलीत. पण माझ्या वन बीएचकेत चार झाली की पाचव्याला जागा उरत नाही, आणि पावसाच्या तोंडाला तर आठवड्यातून दोनदा कोणीतरी खोका घेऊन दारात उभं असतं. एक चांगल्या घरी गेलं की पुढच्याला जागा होते.

२. पिल्लू किती दिवसांचं झालं की द्यावं? लोक म्हणतात लहानपणीच दिलं की लळा लागतो.

आठ आठवड्यांच्या आत अजिबात नाही, मी स्वतः १० ते १२ आठवड्यांचं झाल्यावर देते. दोन ते सात आठवडे हा काळ पिल्लाच्या आयुष्यात फार महत्त्वाचा, याच दिवसांत ते आईकडून आणि भावंडांकडून शिकतं की चावलं तर समोरच्याला दुखतं, नखं कधी आत घ्यायची, मातीत शी कशी झाकायची. पाच आठवड्यांचं पिल्लू उचलून नेलेल्यांचेच नंतर फोन येतात की हाताला चावतंय, गोधडी चोखत बसतंय. लळा लागतो तो रोज खायला घालून आणि शेजारी बसून, त्यासाठी आईपासून लवकर तोडायची गरज नसते. आई सापडलीच नसेल तर निदान भावंडं एकत्र ठेवा.

३. द्यायच्या आधी काय काय करून द्यायचं?

जंताचं औषध, पिसवांचा बंदोबस्त, निदान पहिली ट्रायकॅट लस (मांजरांच्या तीन आजारांवरची एकत्रित लस), आणि लिटर बॉक्सची, म्हणजे शी-शूच्या मातीच्या ट्रेची, सवय. ट्रायकॅट साधारण आठ आठवड्यांना सुरू होते, मग तीन-चार आठवड्यांच्या अंतराने पुढचे डोस, शेवटचा साधारण १६ आठवड्यांच्या सुमारास, आणि तीन महिन्यांनंतर रेबीजची लस. पुढच्या तारखा पेनाने कार्डावर लिहून द्या, तोंडी सांगितलेलं कोणी लक्षात ठेवत नाही.

नवीन आलेलं मांजर दोन आठवडे वेगळ्या खोलीत ठेवल्याशिवाय कुठेच देऊ नका. पॅनल्युकोपेनिया, ज्याला सगळे मांजरांचा पार्वो म्हणतात, तो अंगात असला तरी बरेचदा आठवडाभर काही दिसत नाही, आणि मग एका रात्रीत पिल्लू उलट्या करून पडतं. तुम्ही ज्यांना दिलं त्यांच्या घरातलं मांजरही त्यात जाऊ शकतं. मोठं मांजर असेल तर एफआयव्ही आणि फेलाइन ल्युकेमिया या मांजरांच्या दोन विषाणूजन्य आजारांची टेस्ट करून घ्या (प्रश्न १७ बघा).

४. नसबंदी करूनच द्यायची का? पिल्लू तर अजून लहान आहे.

मोठं मांजर ऑपरेशन करूनच द्यायचं, यात माझ्याकडे सूट नाही. पिल्लाचं लगेच होत नाही, पण मांजरी चार महिन्यांची असतानाही माजावर येऊ शकते आणि जेमतेम नऊ आठवड्यांत पिल्लं होतात, म्हणजे "बघू नंतर" म्हणणाऱ्या घरात वर्षाच्या आत पाच मांजरं असतात आणि त्यातली चार परत माझ्याच दारात येतात. मी काय करते, तर चार ते सहा महिन्यांच्या दरम्यानची तारीख ठरवते, डॉक्टरही मीच सुचवते, आणि ऑपरेशनच्या दिवशी शक्य असेल तर स्वतः जाते. "एकदा तरी आई होऊ दे तिला" याला कसलाही वैद्यकीय आधार नाही. बोक्याचं केलं नाही तर तो घरभर मुतून खुणा करतो आणि माजावरच्या मांजरीच्या वासाने खिडकीतून उडी टाकतो, हे घेणाऱ्याला सरळ सांगा, लोकांना ते पटकन पटतं.

५. फोटो कसे काढू, काय लिहू? माझ्या मांजराला कोणी विचारतच नाही.

सकाळच्या उजेडात, खिडकीजवळ, फ्लॅश बंद, आणि मोबाइल मांजराच्या डोळ्यांच्या उंचीवर, म्हणजे तुम्ही सरळ फरशीवर पालथं झोपायचं. पिंजऱ्याच्या गजांमागचा फोटो नको. एक फोटो कोणाच्या तरी मांडीवरचा हवाच, त्यावरून साइज कळते आणि मांजर माणसात रमतं हेही कळतं. वर पंधरा सेकंदांचा व्हिडिओ.

लिहिताना "अर्जंट, नाहीतर रस्त्यावर सोडावं लागेल" असं लिहू नका. त्याने दया आलेले लोक फोन करतात आणि दया पंधरा दिवसांत ओसरते. "खूप गोड, खूप प्रेमळ" हेही नको, सगळीच गोड असतात. त्या एका मांजराचं लिहा. खारी नावाच्या पिल्लाबद्दल मी लिहिलं होतं: "अंदाजे ११ आठवडे, मांजरी, मिक्सर लागला की कपाटामागे पळते पण कुकरच्या शिट्टीला मान पण वळवत नाही, रात्री पायाशी झोपते." ज्या मुलीचा फोन आला तिचं पहिलंच वाक्य होतं, "आमच्याकडे मिक्सर फक्त सकाळी एकदा लागतो, चालेल का?" खारी तिथेच गेली, आणि मला पुढे फार काही विचारावंच लागलं नाही.

दोष लपवू नका. लाजाळू असेल तर लाजाळू लिहा. आणि तुमचा फक्त एरिया लिहा, पूर्ण पत्ता टाकलात तर आठ दिवसांत दाराबाहेर खोके ठेवलेले सापडतील.

६. ओळखीतल्यांना देणं जास्त सेफ नाही का?

नाही, उलट मला ते जास्त अवघड वाटतं. मावसबहिणीच्या नवऱ्याच्या ऑफिसातला माणूस असला की आपण प्रश्न गिळतो, घर बघायला जायला संकोचतो, आणि नंतर काही चुकलं तर बोलताही येत नाही. ओळखीचे असोत की अनोळखी, प्रश्न तेच विचारा. फक्त ओळखीतला माणूस मांजर हरवलं तर तोंड चुकवून पळू शकत नाही, एवढा एक फायदा आहे.

७. फोनवर नक्की काय विचारायचं? मला इंटरव्ह्यू घेतल्यासारखं वाटतं.

हो-नाही मध्ये उत्तर येईल असे प्रश्न विचारू नका. "काळजी घ्याल ना?" याला कोण नाही म्हणेल? त्याऐवजी गप्पा मारा आणि ऐका.

मी सुरुवात नेहमी इथून करते, "याआधी घरी मांजर होतं का, आणि त्याचं काय झालं?" या एका प्रश्नात अर्धं घर दिसतं. "म्हातारं होऊन किडनीने गेलं, शेवटचे दोन महिने घरी सलाइन देत होतो" म्हणणारा माणूस वेगळा आणि "कुठेतरी गेलं, आलंच नाही परत, मग दुसरं आणलं, ते पण गेलं" म्हणणारा वेगळा. मग विचारते दिवसभर घरी कोण असतं, घरात कोणाला मांजर नकोय का (कोणाला तरी नको असतंच, ते मोकळेपणाने सांगतात की लपवतात ते बघायचं), दिवाळीत गावाला गेलात तर मांजर कुठे राहील, आणि ताप आला तर काय कराल. एका काकांनी सांगितलं, "मागच्या वेळी क्रोसिनचा तुकडा दिलेला." पॅरासिटामॉल मांजराला विष आहे, एका गोळीने जीव जाऊ शकतो. काकांना माहीत नव्हतं, सांगितल्यावर गप्प झाले, मग म्हणाले म्हणजे आमचं ते मांजर… मी त्यांना नकार दिला नाही. त्यांना खरंच वाईट वाटलं होतं आणि त्यानंतर त्यांनी मला अर्धा तास प्रश्न विचारले, वहीत लिहून घेतले. आज त्यांच्याकडे दोन मांजरं आहेत.

म्हणजे मी बघते काय, तर अडचण आली की हा माणूस फोन करेल का. सगळं येणारं घर कुठेच नसतं, पण रात्री अकराला "ताई, ही आज जेवली नाहीये" असा मेसेज ज्या घरातून येईल ते घर मला हवं असतं. आणि घर त्या मांजराला शोभायला पाहिजे. घाबरट मांजराला नऊ माणसांचं प्रेमळ गजबजलेलं घर नको, आणि दिवसभर उड्या मारणाऱ्या बोक्याला एकट्या आजींचं शांत घर नको, दोन्ही घरं चांगली असली तरी.

८. घर बघायला जाणं खरंच गरजेचं आहे का? फोटो मागवले तर चालत नाही?

चार वर्षांपूर्वी मी फोटो मागवले होते. चौथा मजला, "जाळी आहे ना ताई, कबुतरांसाठी लावलीये." फोटोत जाळी दिसत होती, मी हो म्हटलं. नायलॉनची जाळी होती आणि खालच्या कोपऱ्यातला एक हूक निघालेला होता, तो फोटोत येत नाही. टिकली नावाची मांजरी तिसऱ्या दिवशी पहाटे तिथून खाली पडली. जबडा मोडला, टाळू फाटला, दहा दिवस नळीतून खायला घातलं. वाचली, पण अजून एका बाजूनेच चावते. ते लोक वाईट नव्हते, रडत होते. चूक माझी होती, मी गेले नव्हते.

तेव्हापासून मी जातेच, आणि मांजर घेऊन न जाता आधी एकदा मोकळ्या हाताने जाते. जाळी हाताने ओढून बघते. कबुतरजाळी मांजर दाताने कापू शकतं, तिथे लोखंडी किंवा स्टीलची जाळी हवी. स्लायडिंगची खिडकी, बाथरूमच्या झरोक्याच्या काचपट्ट्या, एक्झॉस्ट फॅनचं भोक, ड्राय बाल्कनी, मेन दाराला सेफ्टी डोअर आहे का, हे सगळं बघते. फरशी कशाने पुसता तेही विचारते, कारण फिनाईल मांजराला घातक, ते फरशीवरून चालतं आणि मग पंजे चाटतं. फुलदाणीत लिली असतील तर त्याही नकोत, लिलीच्या परागांनीसुद्धा मांजराच्या किडन्या जातात.

घर साधं आहे, भिंतीला ओल आली आहे, याने काही फरक पडत नाही. चहा घेताना मांजराबद्दल बोलतात की फक्त फर्निचर खराब होईल का विचारतात, तेही कळतं.

९. आम्ही पहिल्या मजल्यावर राहतो, पडलं तरी काही होणार नाही ना?

पायांवर पडलं तरी हनुवटी आणि छाती आपटतेच, कमी उंचीवरूनही हाडं मोडतात. आणि पहिल्या मजल्यावरून पडलेलं मांजर नुसतं पडत नाही, घाबरून पळतं आणि सापडत नाही. जाळी लागतेच.

१०. भाड्याने राहणाऱ्यांना, एकट्या मुलामुलींना द्यावं का?

देते मी. माझी काही सगळ्यात चांगली घरं हिंजवडीला नोकरी करणाऱ्या एकट्या मुलींची आहेत. घरमालकाची परवानगी मात्र लेखी, निदान व्हॉट्सअॅपवर, मला दाखवायला सांगते. रूममेट असतील तर मांजर कोणाचं हे आधीच ठरवा, कारण फ्लॅट मोडतो तेव्हा मांजर "सगळ्यांचं" असतं आणि कोणाचंच नसतं. शिकायला आलेल्या, पीजीत राहणाऱ्या मुलांना मी देत नाही, सुट्टीत खोलीला कुलूप लागतं म्हणून. त्यांना म्हणते फॉस्टरला मदत करा, लसीला घेऊन जा. लग्न ठरतंय का, परदेशी जायचं आहे का, हेही विचारते, आगाऊपणा वाटला तरी (परदेशाचं प्रश्न २४ मध्ये).

११. सोसायटी नाही म्हणाली तर?

ठराव करून पाळीव प्राण्यांवर सरसकट बंदी सोसायटीला घालता येत नाही, अॅनिमल वेल्फेअर बोर्डाच्या २०१५ च्या गाइडलाइन्स त्याबाबत स्पष्ट आहेत. पण रोज लिफ्टमध्ये भांडण नको असेल तर घेणाऱ्याने आधी कमिटीशी बोलून घेतलेलं बरं. महापालिकेच्या नोंदणीची चौकशीही करून घ्या.

१२. आमच्या घरात नॉनव्हेज चालत नाही. दूधभातावर मांजर राहील ना?

राहणार नाही. मांजराच्या शरीराला टॉरिन नावाचं पोषकद्रव्य लागतं, ते मांस-मच्छीतूनच मिळतं, ते कमी पडलं की हळूहळू दिसणं जातं आणि हृदय कमकुवत होतं, वरून मांजर बरेच महिने ठणठणीत दिसतं म्हणून लोकांना पटत नाही. आजीच्या घरी मांजर दूधभातावर वाढलं म्हणतात, ते मांजर बाहेर उंदीर, पाली, चिमण्या खात होतं. मोठ्या मांजरांना दूधही बहुतेक वेळा पचत नाही.

पण म्हणून शाकाहारी घर बाद असं माझं म्हणणं नाही. चांगल्या कंपनीचं तयार कॅट फूड टॉरिन घालूनच येतं, ते द्यायला हरकत नसेल तर प्रश्न मिटला. एका जैन कुटुंबात मांजराची वाटी, चमचा आणि पॅकेटं ड्राय बाल्कनीत वेगळी ठेवलेली आहेत, सहा वर्षं छान चाललंय. "आम्ही त्यालाही शाकाहारी करू" म्हणाले तर मात्र देऊ नका.

१३. घरात लहान बाळ आहे, किंवा सून प्रेग्नंट आहे. मांजर चालेल का?

प्रेग्नन्सीत भीती टॉक्सोप्लाझ्मा या परजीवीची असते. त्याची बाधा मांजराच्या शीमधून होऊ शकते, पण शीमधली त्याची अंडी बाधा करण्याइतकी तयार व्हायला निदान एक दिवस लागतो, त्यामुळे लिटर रोज साफ केलं आणि ते दुसऱ्या कोणी केलं तर धोका फार कमी होतो. कच्चं मांस आणि न धुतलेल्या भाज्या हे बाधा होण्याचं मोठं कारण आहे. घरात आधीपासून असलेलं मांजर यासाठी काढून टाकू नये. नवीन मांजर मात्र मी बाळ येऊन घडी बसेपर्यंत देत नाही, त्या घरात तेव्हा कोणालाच वेळ नसतो.

दोन ते पाच वर्षांची मुलं असतील तर अगदी लहान पिल्लू देऊ नका, मुलं पिल्लाला आवळतात. वर्षभराचं, शांत, आवाजाला सरावलेलं मांजर द्या.

१४. त्यांच्याकडे आधीच मांजर किंवा कुत्रा आहे.

आधीच्याचं लसीकरण आणि नसबंदी झालेली हवी. लगेच समोरासमोर आणायचं नाही: वेगळी खोली, दाराच्या फटीतून वास, पांघरुणांची अदलाबदल, मग दोघांना दाराच्या दोन बाजूंना जेवण. याला दोन आठवडेही लागतात आणि दोन महिनेही. म्हाताऱ्या मांजराच्या घरात दांडगं पिल्लू पाठवू नका, म्हाताऱ्याचे हाल होतात. कुत्रा असेल तर तो मांजर पळालं की मागे धावतो का ते घर बघायला गेलात तेव्हाच विचारा.

१५. दोन पिल्लं एकत्रच द्यायचा हट्ट का?

एकटं पिल्लू दिवसभर बंद घरात असेल तर ते संध्याकाळी तुमच्या पोटऱ्यांवर शिकार करतं. दोन असली की एकमेकांवर करतात. खर्च दुप्पट होतो हे खरंय, ते झाकू नका. घरात कोणीतरी दिवसभर असेल किंवा आधीचं तरुण मांजर असेल तर मी एकटं देते. पण दोघं एकमेकांना चिकटूनच झोपणारी, एक दिसलं नाही की दुसरं ओरडणारी जोडी असेल तर ती तोडत नाही, मग तीन महिने जास्त थांबावं लागलं तरी चालेल.

१६. मोठ्या मांजराला कोण घेणार? सगळ्यांना पिल्लूच हवं असतं.

वेळ लागतो, पण मोठ्यांनाच सगळ्यात पक्की घरं मिळतात असा माझा अनुभव आहे. मोठं मांजर जसं दिसतं तसंच असतं, स्वभाव ठरलेला, ऑपरेशन झालेलं, पडदे चढून झालेले.

शेवंती तीन वर्षांची भाटी, तिची म्हातारी मालकीण वारली आणि मुलांना ठेवायची नव्हती. माझ्याकडे आल्यावर ती १९ दिवस फ्रिजवर बसून होती, रात्रीच खाली यायची. सात महिने कोणी विचारलं नाही. मग एक रिटायर्ड जोडपं आलं. काकांनी तिला हाक मारली नाही, बघितलंसुद्धा नाही, फ्रिजजवळच्या खुर्चीत बसले आणि पेपर उघडला. काकू माझ्याशी मटारच्या भावाबद्दल बोलत होत्या. वीसेक मिनिटांनी शेवंती खाली उतरली, पेपरचा कोपरा हुंगला, आणि त्यावरच बसली. काका म्हणाले, "अग्रलेखावर बसलीये, राहू दे." मी त्यांना पुढचा एकही प्रश्न विचारला नाही, नियम असूनही, घर मात्र बघून आले.

१७. एक डोळा नाही, किंवा टेस्ट पॉझिटिव्ह आलीये. अशांना कोणी घेतं का?

एक डोळा, तीन पाय यांना घेतात, आणि त्यांना खरंतर फार वेगळं काही लागतही नाही. फोटोत डोळा लपवू नका. पूर्ण आंधळ्या मांजराला फर्निचर न हलवणारं घर लागतं, बस.

एफआयव्ही मुख्यतः खोल चाव्यातून पसरतो, माणसाला किंवा कुत्र्याला होत नाही, आणि असं मांजर वर्षानुवर्षं चांगलं जगू शकतं, घराबाहेर न जाणारं आणि भांडकुदळ साथीदार नसलेलं घर हवं. ल्युकेमिया लाळेतून, एका वाटीतून, एकमेकांना चाटण्यातूनही पसरतो, त्यामुळे तिथे एकटंच मांजर असलेलं घर. दोन्हींत लपवाछपवी नको, रिपोर्ट हातात द्या.

१८. गावाला, शेतावर द्यावं का? उंदरांसाठी हवंय म्हणतात.

फ्लॅटमध्ये वाढलेलं पिल्लू शेतावर देऊ नका, त्याला कुत्री, साप, ट्रॅक्टर काही माहीत नसतं. पण माणसाला हात लावू न देणारं, बाहेरच वाढलेलं मोठं मांजर असतं ना, त्याला घरात कोंडणं हाच त्रास असतो. अशासाठी नसबंदी आणि लस झाल्यावर चांगला गोठा किंवा वाडी मी बघते, तिथे रोज एकवेळ तरी खायला घालणारं माणूस हवं. उपाशी मांजर चांगली शिकार करतं हा गैरसमज आहे. शिवाय उंदरांना विष घालत असतील तर सरळ नाही म्हणा, विष खाल्लेला उंदीर खाल्ला की मांजरही जातं. आणि सुरुवातीला दोन-तीन आठवडे तिथेच एका बंद खोलीत ठेवायला लावा, नाहीतर पहिल्याच रात्री निघून जातं.

१९. खोटे अडॉप्टर कसे ओळखायचे?

घाई. "आजच हवंय, मीच येतो न्यायला, घर बघायला कशाला?" म्हणणाऱ्याला मी थांबवतेच. फक्त पर्शियन हवी, मादीच हवी, आणि ऑपरेशन झालेलं नको, असं तिन्ही एकत्र आलं की तो ब्रीडिंगसाठी विचारतोय. काळं मांजर अमावस्येच्या आधी घाईने मागणाऱ्याला मी पंधरा दिवसांनी फोन करायला सांगते, आजवर त्यातल्या एकाचाही परत फोन आलेला नाही. काळ्या मांजरांना मनापासून घेणारी माणसंही भरपूर आहेत, ती थांबतात.

२०. पैसे घ्यावेत का? कागद करावा का?

मांजर विकायचं नाही, पण लस आणि ऑपरेशनच्या खर्चातला थोडा वाटा मागायला लाजू नका. ज्याला तो जड जातो पण बाकी सगळं उत्तम आहे, त्याच्याकडून मी घेत नाही.

कागद एक पानाचा, साध्या मराठीत: नसबंदीची तारीख, परस्पर दुसऱ्याला द्यायचं नाही, जमलं नाही तर मलाच परत, आणि हरवलं तर त्याच दिवशी कळवायचं. आधारची झेरॉक्स आणि पत्ता घेते. कोर्टात हा कागद किती टिकेल यापेक्षा, सही करताना माणूस एकदा थांबून वाचतो हे मला महत्त्वाचं वाटतं. प्राण्याला उपाशी-तहानलेलं राहील अशा अवस्थेत सोडून देणं १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने गुन्हा आहे, ही ओळही मी त्यात टाकते.

२१. गणपतीत घरी घेऊन जाऊ म्हणतात, शुभ वाटतं त्यांना.

नको. गणपतीत दार दिवसभर उघडं, माणसांची ये-जा, ढोल, बाहेर ताशे. दिवाळीत फटाके. नवीन मांजर अशा दिवसांत पळतं आणि सापडत नाही. विसर्जनानंतर आठ दिवसांनी द्या, दिवाळीचं तर तुळशीच्या लग्नानंतरच. घर बदलायच्या बेतात असतील, पेंटिंगचं काम चालू असेल तरी थांबा.

२२. देण्याचा दिवस कसा ठेवायचा?

शनिवार सकाळ, म्हणजे पुढे दोन दिवस कोणीतरी घरी असतं. मी स्वतः पोचवते, बंद कॅरियरमधून. टू व्हीलरवर ओढणीत गुंडाळून किंवा शबनममध्ये घालून नेऊ नका, सिग्नलला हॉर्न वाजला की मांजर हातातून सुटतं. सोबत तुमच्याकडचंच लिटर, आठवड्याचं तेच खाणं, आणि न धुतलेली गोधडी द्या, तिला घरचा वास असतो. तिकडे एकच खोली, खिडक्या बंद, लपायला खोका. शेजारीपाजारी बघायला येणार असतील तर पुढच्या आठवड्यात बोलवा.

२३. दोन दिवस झाले, पलंगाखालून बाहेर येत नाहीये, जेवत नाहीये. परत आणू का?

लगेच आणू नका, पण न जेवणं हलक्यात घेऊ नका. लपणं नॉर्मल आहे. साधारण तीन दिवस भीती, तीन आठवडे अंदाज घेणं, तीन महिने घर आपलं वाटायला, असा हिशोब धरा. पलंगाखालून ओढून काढू नका, खोलीत बसून मोबाइल बघा, हळू आवाजात बोला, वास येणारं काहीतरी द्या, सुकटीचा चुरा, कोमट चिकनचं पाणी (कांदा-लसूण, मीठ न घालता).

मोठं मांजर २४ तास काहीच खात नसेल तर डॉक्टरांना फोन, आणि ४८ तासांच्या पुढे घरी थांबूच नका, उपाशी मांजराच्या लिव्हरवर चरबी चढते, जाड मांजरांत तर लवकर. लहान पिल्लू १२ तास उपाशी राहिलं तरी दाखवा. आणि बोका लिटरमध्ये परत परत जाऊन बसतोय, ओरडतोय, पण शू होत नाहीये, असं दिसलं तर रात्र असली तरी निघा, लघवी तुंबणं एक-दोन दिवसांत जीव घेतं.

२४. दुसऱ्या शहरात किंवा परदेशात जाणाऱ्यांना द्यावं का?

मुंबई, नाशिक चालतं, मी गाडीने जाऊन येते. लांब असेल तर तिथल्या एखाद्या फॉस्टरला घर बघायला सांगा. ट्रेनने न्यायचं तर फर्स्ट क्लासचा पूर्ण कूपे लागतो, थ्री टियरमध्ये बास्केट लपवून न्यायचे सल्ले ऐकू नका.

परदेशी जाणाऱ्यांना आधी तयारी विचारा. उदाहरणार्थ जर्मनीला न्यायचं तर मायक्रोचिप, मग रेबीज लस, त्यानंतर ३० दिवसांनी रक्ताची टायटर टेस्ट (लस लागू पडली का ते बघणारी), आणि रक्त घेतल्यापासून तीन महिने थांबणं, म्हणजे व्हिसा हातात आल्यावर सुरुवात करून जमत नाही. "तेव्हा बघू, आईकडे ठेवू" म्हणाले तर आईशी बोलून घ्या.

२५. नाही कसं म्हणू? माणसं दुखावतात.

लवकर आणि स्पष्ट. "या मांजराला तुमचं घर जुळणार नाही, याचं कारण असं" एवढं सांगा. जाळी नसेल तर म्हणा जाळी लावून फोन करा, काही जण खरंच लावतात आणि फोटो पाठवतात. झुलवत ठेवू नका.

२६. त्यांनी परत दिलं तर?

घ्यायचं, न रागावता. तुम्ही ओरडलात तर पुढचा माणूस परत आणण्याऐवजी मंडईत सोडून देईल. परत आलेल्याबद्दल नीट विचारून घ्या, ती माहिती पुढच्या घरासाठी उपयोगाची असते. एक बोका माझ्याकडे दोनदा परत आला, दोन्हीकडे रात्री ओरडायचा म्हणून, तिसऱ्या घरात नाइट शिफ्ट करणारा मुलगा होता, तिथे दोघं दिवसा झोपतात.

२७. दिल्यावर फार रडू येतं. त्याला वाटत असेल मी सोडून दिलं.

येतं. नऊ वर्षं झाली, मला अजून येतं, रिक्षात परत येताना रिकामा कॅरियर मांडीवर हलका लागतो तेव्हा. त्याला पहिले काही दिवस चुकल्यासारखं होतं हेही खरंय. पण मी पहिल्या आठवड्यात रोज, मग महिनाभर आठवड्याने, आणि पुढे लसीच्या तारखांना विचारते, आणि साधारण तिसऱ्या आठवड्यात एक फोटो येतो ज्यात मांजर पोट वर करून झोपलेलं असतं. तोपर्यंत लगेच भेटायला जाऊ नका, त्याची बसत आलेली घडी विस्कटते.

त्या दिवशी घरी आल्यावर वाट्या, लिटर बॉक्स, कॅरियर सगळं पातळ ब्लीचने धुवा, एक भाग ब्लीचला ३२ भाग पाणी, दहा मिनिटं ओलं ठेवून स्वच्छ पाण्याने खळखळून काढा आणि बाल्कनीत उन्हात वाळत घाला. पार्वोचा विषाणू घरात वर्षभर टिकू शकतो आणि पुढचा खोका कधी येईल सांगता येत नाही.